दिलीपसाठी आणलेला गोटा

निवृत्तीनंतर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही स्मृति नगरला राहायला निघालो, तेव्हा कपाटाच्या तळातून मुठीएवढा राखाडी दगड निघाला. "हा गोटा कावून नेऊन राहिले तुम्ही?" बायकोने विचारलं. मी तो रुमालात गुंडाळला.

आमच्या प्लांटमध्ये रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय कोणी जागा सोडत नाही. माझ्या लग्नाआधीच्या एका दुपारी दोन वाजता सकाळपाळीच्या दिलीपला मी सोडवायचं होतं. मी गेलो, पण पाठीवर सॅक घेऊन. गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी माझी रजा दुसऱ्या दिवसापासून होती आणि गाडी त्याच दुपारची. माझी पाळीही तूच कर, असं मी त्याला म्हणालो.

त्याच्या कपड्यांना ग्रीसचा आणि घामाचा वास येत होता. "पोरीले दवाखान्यात न्यायचं होतं. आता बायको मले घरात घेत नाही," म्हणत तो हसला. "जा बे. तुयं लग्न झालं का मंग कोण जाऊ देते तुले? माह्यासाठी पहाडावरचा एक गोटा आणजो."

सोळा तासांची ड्यूटी करून घरी जाताना स्कूटरवर त्याला झोप लागली. दुभाजकावर आदळून तो जागीच गेला. मला हे महिन्याने, परतल्यावर कळलं. त्यानंतर मी पहाड चढलो नाही. संसाराला लागला, असं लोक म्हणाले.

पुष्कळ वर्षं मला त्याचं हसणंच आठवायचं. आता डोळे आठवतात. पोरीच्या तापामुळे आदल्या रात्री तो झोपला नव्हता. डोळे लाल होते. मी ते पाहिले, आणि मग घड्याळ पाहिलं.