आप्पाची नात आणि पाड्यावरची रूपा

चारुलता माझी सख्खी धाकटी बहीण. अख्ख्या खांडबाऱ्यात तिच्यासारखी शिकवणारी दुसरी दाखवा, मिशी उतरवून देतो. मी सातवीत दप्तर फेकलं, पण तिला बी.एड. केलं.

योगेंद्रआप्पाच्या संस्थेतर्फे ती डोंगरातल्या पोरांचा ऑनलाइन क्लास घ्यायची. हा आप्पा म्हणजे एक पेन्सिल वाटली तरी चौघांनी धरायची अन् फोटो काढायचा, असला माणूस.

रेंज गेलेल्या पोरांना नंतर ऐकवता यावं म्हणून चारू क्लास रेकॉर्ड करायची. त्या दिवशी अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावरची रूपा परिपाठाला उभी राहावी तशी ताठ उभी राहिली. नाव, बापाचं नाव, पाडा, सगळं घडाघडा सांगितलं. पुढं म्हणाली, "आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. घरी मी अन् आजी. आजीला दिसत नाही." तिच्या मागं घराचं दार, त्याला कडीसुद्धा नाही. 

संध्याकाळी आप्पा दारात हजर. अंगावर कडक इस्त्री.

"चारू, आजनं रेकॉर्डिंग दे. यूट्यूबवर टाकनं शे. लोकेस्ले आपलं काम दिसाले पाहिजे."

"आप्पा, पोरगी घरमा आंधळी आजीसंगे एकली ऱ्हास. पत्तासुद्धा सांगेल शे तिनी."

"मंग काय व्हस? पाड्यावरनी पोर ती! तिले कोन वळखस?"

"मंग पहिले तुमनी नातना व्हिडिओ टाका."

आप्पा दचकला. "मन्ही नातना? नजर लागी ना तिले!"

घ्या! स्वतःच्या नातीच्या गालाला काजळाची तीट, अन् दुसऱ्याची लेक चव्हाट्यावर.

"रूपाले नजर लागत नही का, आप्पा?"

"जास्ती बोलू नको. रेकॉर्डिंग नही दिधं, ते सकायथून आमना भाग्येश क्लास लेई."

भाग्येश म्हणजे त्याचा पुतण्या. स्वतःचे केस विंचरण्यापलीकडे त्याला काही येत नाही.

आप्पा पायऱ्या उतरायच्या आत चारूनं रेकॉर्डिंग पार पुसून टाकलं. मग एकेका पोराच्या घरी फोन लावला. "उद्यापासून मी नाही. पोरांचं तोंड अन् घर जगाला दाखवायचं चाललंय. तुम्हाला चालत असेल तरच पोराला बसवा." नोकरीवर पाणी सोडलं, पण आवाज हलला नाही. बहीण कोणाची!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्येश नवा शर्ट घालून मोबाईलसमोर बसला, शेजारी आप्पा. पडद्यावर या दोघांचीच तोंडं. बऱ्याच वेळानं एक काळा चौकोन उघडला. आवाज रूपाच्या आजीचा.

"चारूताई आहे का?"

"नाही. मी भाग्येश सर..."

चौकोन बंद.

रेकॉर्डिंग चालूच होतं. आता टाक म्हणावं यूट्यूबवर.