भावोजींची अदलाबदल

जगातली सगळी माणसं सहा फुटांच्या वरची आणि सहा फुटांच्या खालची अशा दोनच जातींत विभागलेली आहेत, यावर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझे भावोजी. स्वतः जेमतेम सव्वापाच फूट. कराडला असताना फार तर खो-खो खेळलेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी ड्राफ्ट्समन म्हणून कतारमध्ये दोह्याला उतरलो, तेव्हा ते विमानतळावर घ्यायला आले होते. वर्षभरात बिचाऱ्यांनी बायकोचं तोंड पाहिलं नव्हतं, तेव्हा आधी ताईची चौकशी करतील अशी माझी समजूत. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "उंची किती रे?" मी म्हटलं, "पाच आठ." "खलास," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलली. ताईची आठवण त्यांना गाडीत बसल्यावर झाली.

भावोजी आमच्या कंपनीच्या कामगार-कॅम्पचे टाइमकीपर. चारशे माणसांची हजेरी त्यांच्याकडे असायची आणि त्या रजिस्टरात प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात उंची लिहिलेली असायची. कारण एकच, बास्केटबॉल; कॅम्पच्या टीमचे कोचही तेच. खोल्यांच्या मागे त्यांनी सुट्टीचे पाच-सहा शुक्रवार घालून, उरलंसुरलं सिमेंट मागून आणून, स्वतः घमेली उचलून एक कोर्ट केलं होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की सगळा कॅम्प तिथे येऊन टेकायचा. कुणी घरचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेई, कुणी नुसताच बसे. कडेला एक बाक होतं, ते भावोजींचं. बायकापोरांना सोडून आलेल्या माणसांना अंगण म्हणून तेवढीच जागा होती.

कंपनीचे पाच कॅम्प आपापसांत सामने खेळत. खेळाडूंना भत्ता मिळे. एका श्रीमंत कॅम्पने भत्त्याच्या जोरावर सगळी चांगली माणसं ओढली, तेव्हा वेल्फेअर ऑफिसरने नियम केला की कोचसकट अख्ख्या टीमचा भत्ता एका ठरावीक मर्यादेच्या वर जाता कामा नये. दोन्ही कॅम्प बॉसच्या सह्या असतील तर माणसांची अदलाबदल करायला मात्र मुभा होती. आमचा कॅम्प ओळीने तीन वर्षं शेवटचा आला. मग ऑफिसरने सांगून टाकलं, यंदाही शेवटचे आलात तर त्या कोर्टावर पाइप ठेवू. त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टीम मोडून नव्याने उभी करायला घेतली. आमचा एकुलता एक हिरा, एक फिलिपिनो वेल्डर, निम्मा भत्ता एकटा खायचा. भावोजींनी त्यालाच दुसऱ्या कॅम्पला देऊन टाकला आणि त्याच्या जागी तीन अनोळखी पोरं आणली. कॅम्पात बोंब झाली की टाइमकीपरला ऊन लागलं. भावोजी शांतपणे म्हणाले, "आरं, एक बैल कितीबी तगडा असू दे, नांगराला जोडी लागतीच." इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी आमचा मालवणी आचारी दिला आणि परांची बांधणारा सहा फूट चार इंचांचा एक पठाण घेतला. नव्या आचाऱ्याची चपाती तव्यापेक्षा कडक. एकाने संतापून ती कोर्टावर भिरकावली, तर ती सरळ रिंगमधून आरपार गेली. भावोजी धावतच त्याच्याकडे आले. "नेम बरा हाय तुझा. नाव काय?" त्याला त्यांनी टीममध्ये घेतला.

हळूहळू आम्ही जिंकायला लागलो. पण चेंडू पुढे नेणारा शहाणा माणूस नव्हता. तसा एक गोवेकर इलेक्ट्रिशियन बंदराकडच्या कॅम्पात होता. तिथल्या बॉसने बदल्यात काय मागितलं हे भावोजी कुणालाच सांगेनात. विचारलं की म्हणत, "इन्शाल्ला, जमंल." एका सकाळी उठून पाहतो तर त्यांची ट्रंक पिकअपमध्ये चढलेली. बंदराच्या कॅम्पची हजेरी रजिस्टरं पार विस्कटली होती आणि बॉसला टाइमकीपर हवा होता. शिवाय कोच म्हणून भावोजींचा भत्ता कमी झाला की गोवेकर बरोबर मर्यादेत बसत होता. "भावोजी, स्वतःलाच दिलंत?" मी ओरडलो. ते म्हणाले, "मग काय करतो? सहा फुटांच्या खालचा मीच तेवढा मागणीत होतो." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "यल्ला, चल."

शेवटचा सामना नेमका बंदराच्या कॅम्पशी आला, तोही आमच्याच कोर्टावर. सुरुवातीचे पराभव अजून अंगावर होते; हा हरलो तर आम्ही शेवटचे आणि कोर्ट गेलं. समोरच्या बाजूला कोच म्हणून भावोजी उभे. वाटलं, थोडे तरी हात आखडतील. छे! पठाण डावीकडे कच्चा आहे हे त्यांनी आपल्या पोरांना पढवून ठेवलं होतं. मध्यंतराला आम्ही मागे. मी तणतणत त्यांच्याकडे गेलो, "ताईला कळवतो सगळं!" "कळीव," ते म्हणाले, "ज्याच्या मेसमधी जेवतो त्याच्या बाजूनं खेळायचं." पण बोलता बोलता त्यांनी कोर्टावर पडलेला एक खडा उचलून बाहेर टाकला. अखेरीस त्या गोवेकरानेच आमच्याच पठाणाच्या काखेखालून चेंडू पुढे काढून रिंगमध्ये टाकला आणि आम्ही एका बास्केटने जिंकलो. भावोजींनी आधी हरलेल्या पोरांच्या पाठीवर हात फिरवला. मग कोर्टाच्या कोपऱ्यातल्या जुन्या भेगेवर पाय घासून ती वाढली तर नाही ना, ते पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी ते बसने आले आणि आपल्या बाकावर टेकले. मी चहा आणून दिला. तेवढ्यात आठवड्यापूर्वी लातूरहून आलेला एक गडी तिथे येऊन म्हणाला, "काका, तुम्ही कुठल्या कॅम्पचे? हितं आमच्या कॅम्पची माणसं बसत्यात." अरे, हे ज्यांनी बांधलं ते हेच, असं सांगायचं सोडून मी स्वतःच्या कपातला चहा ढवळत बसलो. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. भावोजींना मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. ते सरकले, त्याला जागा करून दिली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"उंची किती रे?"

"सहा एक."

भावोजींनी एक लांब श्वास सोडला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ह्याला सांभाळ. कुणाला दिऊ नगंस." मग हॉर्न वाजला, तसे ते उठले आणि आपल्या कॅम्पच्या बसकडे निघाले.