अर्डिथच्या पहिलटकरणी

वेंडेल गेला तो वासरू ओढता ओढता. पहिल्या वेताची कालवड अडली होती, पोटातलं वासरू हे एवढं थोरलं. त्यानं वासराच्या पायांना साखळी लावून जोर केला आणि तिथंच पेंढ्यात छाती धरून बसला. वासरू जगलं, वेंडेल गेला. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत सगळे हळहळले. त्याच्या बायकोनं, अर्डिथनं, मात्र मनाशी खूणगाठ बांधली की आपल्याकडं यापुढं वासरू लहानच जन्मलं पाहिजे.

हे काही तिच्या एकटीचं खूळ नव्हे. मांसासाठी गाई पाळणारी तिथली जुनी माणसं हेच सांगत आलीत: शेवटचे तीन महिने गाभणीला हात आखडून घालावं, वासरू बारीक होतं, गाय सुखानं मोकळी होते. वेंडेलला ते पटत नसे. तो पहिलटकरणींना उलट चार घास जास्तच घालायचा, आणि त्यापायीच त्याचा जीव गेला असं अर्डिथच्या मनानं घेतलं. मनानं एकदा घेतलं की कोण समजावणार!

मरायच्या आधी त्यानं अकरा कालवडी स्वतः निवडून ठेवल्या होत्या. त्या आता गाभण होत्या. मूलबाळ नव्हतंच, त्या अकरा जणी आणि त्यांची वासरं, एवढंच त्याचं मागं उरायचं होतं. डिसेंबरपासून अर्डिथनं त्यांचा कसदार लसूणघास बंद केला. कुरणातलं जुनं, काड्या झालेलं गवत, तेही बेतानं. गाडीचा आवाज आला की बिचाऱ्या कुंपणाशी येऊन हंबरायच्या. ती मान वळवून निघून जायची.

शेजारी राहणारा धाकटा दीर ऑरिन दर आठवड्याला सांगून थकला. एकदा तो कुंपणाशीच थांबला.

"अर्डिथ, बरगड्या दिसायला लागल्यात. वासराचं अंग भरतं ते याच दिवसांत. आईच्याच अंगात नाही तर त्याला मिळणार कुठनं?"

"साखळी तुला नाही ओढायची, ऑरिन. मला ओढायचीय."

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे तिलाही कळत होतं. पण भ्यालेल्या माणसापुढं शहाणपण चालत नाही.

मार्चमध्ये पहिली व्याली, ती घटकाभरात. साखळीला हातही लावावा लागला नाही. अर्डिथनं आनंदानं ऑरिनला फोन केला. पण वासरू उठेना. तिनं गोणपाटानं चोळलं, स्वयंपाकघरात शेगडीशी आणून ठेवलं. गाय पिळून पाहिली तर चीक जेमतेम चमचाभर. सकाळी वासरू गार पडलं होतं. मग दुसरं, मग तिसरं. ऑरिननं आपल्या गाईंचा चीक बाटल्या भरभरून आणला, त्यावर पाच तगली. पाच गेली.

शेवटची राहिली होती पांढऱ्या कपाळाची. वेंडेल तिला लाडानं बाईसाहेब म्हणायचा. ती एका दुपारी दोघांच्या डोळ्यांदेखत व्याली, सुखरूप. वासरानं एकदा मान उचलली, मग अर्डिथच्या हातातच ती टाकली. किती चोळलं तरी काही झालं नाही.

"मी जपायला गेले रे त्यांना," ती म्हणाली.

ऑरिन पेंढा उकरू लागला. "वेंडेलचं हृदय आधीच अधू होतं. डॉक्टरांनी त्याला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तुला कळू द्यायचं नाही, असं त्यानं मला बजावलं होतं."

"हे मला डिसेंबरात का नाही सांगितलंस?"

ती उठली, कोठारातून हिरव्यागार लसूणघासाचा भारा ओढत आणला आणि गाईच्या तोंडापुढं सोडला. "खा गं बाई, आता तरी खा," म्हणत ती रडायला लागली. तीन महिन्यांची उपाशी गाय, पण तिनं त्याकडं पाहिलंदेखील नाही. ती आपलं वासरू चाटत राहिली.