लॉगमधली ती ओळ

१२ जानेवारी, सोमवार. काम एवढंच होतं – विहिरीवरची मोटर चालवणारं सॉफ्टवेअर क्लाउडवर चढवायचं. वेळ सकाळी साडेदहाची, बाहेर लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगते, कारण असले अनुभव वाचताना मी स्वतः आधी हेच शोधते – अंधार होता का, झोप होती का, ताप होता का. यातलं काही नव्हतं. आणि भूतबित मी मानत नाही. आमच्याकडे कुणा बाईच्या अंगात आलं, तर मी आधी तिला लिंबू-साखरेचं पाणी पाजते.

जवळा बाजारला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. शेत तिथून तीन किलोमीटर. ते माझा दीर नामदेव आणि जाऊ सुनंदा बघतात. त्यांचा मुलगा अनिकेत पुण्यात नोकरीला. त्यानंच विहिरीवरच्या स्टार्टरला, म्हणजे मोटरच्या बटणांच्या पेटीला, सिमकार्डाचं यंत्र बसवलं आणि ठरलेल्या वेळी मोटर चालू-बंद करणारं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. ते माझ्या क्लासमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. शनिवारी तो कॉम्प्युटर जळाला आणि गव्हाचं पाणी थांबलं.

"मोठी आई, आता दुसरी मशीन घेऊच नको," अनिकेत फोनवर म्हणाला. "कंटेनर करून टाक. दहा मिनिटांचं काम आहे."

कंटेनर म्हणजे गाठोडं समजा. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधायचं आणि दूरच्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवायचं. हे सगळं ब्राउझरमधल्या एका पानावरून होतं, त्याला कन्सोल म्हणतात. अनिकेतनं गाठोडं तयार ठेवलं होतं. मी ते निवडलं, नाव दिलं, मेमरी ठरवली, स्टार्टरचा सिम नंबर टाकला आणि 'डिप्लॉय' दाबलं.

एक गोष्ट इथेच कबूल करते. हे सॉफ्टवेअर सुरू झालं की आधी घड्याळ बघतं, आणि मोटर चालायची वेळ असेल तर लगेच मोटर चालू करतं. आणि साडेदहा ही मोटरचीच वेळ. मला हे माहीत होतं... त्या क्षणी डोक्यात नव्हतं.

खाली लॉग सरकायला लागला. लॉग म्हणजे सॉफ्टवेअर आपण काय करतोय ते ओळीओळीनं लिहीत जातं, ती नोंद. वेळापत्रक वाचलं, स्टार्टर सापडला – सगळं इंग्रजीत. आणि त्याखाली मराठीत एक ओळ –

आत कोण हाय?

पंधरा-वीस सेकंद काही नाही. मग कंटेनर आपोआप बंद पडला.

मला वाटलं, पोरानं गंमत केली. मी तो काढून टाकला, मेमरी वाढवून दुसरा केला. पुन्हा तीच ओळ, तेवढीच वाट, पुन्हा बंद. मी अनिकेतला फोन लावला.

"हे काय लिहून ठेवलंयस? आत कोण हाय म्हणून?"

"मी?" तो हसला. "अगं, मराठी टायपिंग मला येतं तरी का? तुझ्याच क्लासमधल्या कुणाचं तरी काम असेल."

क्लासमध्ये मी एकटी होते. दुसराही काढून टाकला. तिसरा केला.

आत कोण हाय?

या वेळी तो बंद पडला नाही. 'पेंडिंग' लिहिलेलं तसंच राहिलं. मी बघत बसले आणि का कोण जाणे, विहीर आठवली. नामदेवला फोन लावला. उचलला सुनंदानं.

"भाऊजी कुठायत?"

"खाली हायेत, बाई. इहिरीत. मोटरीच्या वायरचा जोड करून राहिलेत."

"फ्यूज काढलाय?"

"काहून काढायचा? कॉम्प्युटर बंद हाय म्हनून तुमीच सांगितलं ना शनवारी."

समोर 'पेंडिंग' गेलं आणि हिरव्या अक्षरात 'रनिंग' आलं.

"सुनंदा, फ्यूज ओढ. आधी ओढ, मग बोल."

मी 'स्टॉप' दाबलं. ते लगेच थांबत नाही, 'स्टॉपिंग' म्हणत गोल फिरत राहतं. फोनमध्ये तिच्या चपलांचा आवाज, मग लोखंडी पेटीचं दार. मग ती म्हणाली, "काढले. तिन्ही काढले." आणि तिचं बोलणं संपायच्या आत पेटीतून खट्ट असा आवाज आला, मलाही ऐकू आला. सिमकार्डाच्या यंत्राला स्वतःची बॅटरी आहे. त्यानं मोटर चालू केली होती. फक्त वीज नव्हती.

मी स्कूटी काढून शेतावर गेले. नामदेव वर येऊन बसला होता, गुडघ्यापर्यंत ओला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "वैनी, तुमी इथंच व्हत्या तर मंग दिसल्या काहून न्हाईत?"

"मी आत्ता येतेय, भाऊजी."

"वरून आवाज दिला ना तुमी. आत कोन हाय म्हनून. मी म्हनलं, मी हाय, नामदेव. जरा येळानं पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या बारीला तोंडात टेप धरला व्हता, म्हनून बोललो न्हाई."

सुनंदा म्हणाली, "कोनी बी आवाज नाही दिला. मी हितंच निंदत व्हते."

"न्हाई कसा? वैनीचाच आवाज. मी वळखत न्हाई का?"

दोनदा त्यानं उत्तर दिलं, दोनदा कंटेनर बंद पडला. तिसऱ्यांदा दिलं नाही... पुढचं तुम्ही वाचलंच आहे. मी हे त्या दोघांना तेव्हा सांगितलं नाही.

अनिकेतनं रात्री सगळा कोड तपासला. त्यात मराठी अक्षर एकही नाही. पहिल्या दोन कंटेनरांचे लॉग मी स्वतःच त्यांच्यासकट काढून टाकले होते. तिसऱ्याचा उघडला, तर त्यात ती ओळ नव्हती. स्क्रीनशॉट घ्यायचं मला सुचलं नाही. म्हणजे दाखवायला माझ्याकडे काही नाही. आवाज मी दिला नव्हता, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी विहिरीवर गेले. स्क्रू ड्रायव्हरनं सिमकार्डाचं यंत्र काढून पिशवीत टाकलं. नामदेव आणि सुनंदा दोघंही माझ्या मागे उभे होते. फ्यूज बसवले. विहिरीत वाकून नीट पाहिलं, पाण्यापर्यंत. कुणी नव्हतं. हिरवं बटण दाबायच्या आधी एकदा हाक मारून विचारावं, असं तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. आतून उत्तर आलं तर काय करायचं, हे माझं ठरत नव्हतं. बटण दाबलं आणि पाणी सुरू झाल्यावर क्लासला निघून आले.