चिखलाची तीट

रविवारची दुपार. जेवणं उरकली आहेत, भांडी विसळून पालथी घातली आहेत, आणि मनाली झोळीखाली चटईवर आडवी झाली आहे. झोळी द्वारकाआत्याच्या लुगड्याची. धुऊन धुऊन कापड इतकं मऊ झालंय की हात लावला तर कळत नाही कापड कुठे संपलं आणि आतली जुई कुठे सुरू झाली. झोळीची दोरी मनालीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाय अर्धवट वर. अंगठा हलला की झोळी हलते.

"चारला निघायचं ना?" कल्पेश दारातून हळूच विचारतो.

"बघू."

मनालीचं 'बघू' म्हणजे नाही, हे कल्पेशला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. खाडीकाठी नवं पाणथळ उद्यान झालंय, खारफुटीतून फिरायला लाकडी वाट केलीय, फ्लेमिंगो आलेत, सोसायटीतली सगळी पोरं जाऊन आलीत. ह्यांचं मात्र पाऊस संपल्यापासून 'पुढच्या रविवारी' चाललंय. कधी डास असतात, कधी ऊन, कधी कठड्याच्या फटी. जुई वेळेआधी आली, काचेच्या पेटीत राहिली, आणि घरी आल्यापासून मनालीने तिला जमिनीला टेकवलेलंच नाही. मांडी, कडेवर, पलंग, झोळी. वर्ष उलटून गेलं तरी पोरीने पाऊल टाकलेलं नाही. "पाय छान आहेत," डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही फक्त तिला खाली सोडा." मनालीने मानसशास्त्रात बी.ए. केलंय, चिंतेवरचा धडा तिला तोंडपाठ होता. परीक्षेत त्याचा उपयोग झाला, नंतर नाही.

बाहेर रिकाम्या प्लॉटवर टिटवी ओरडते. मनाली मान वर करून खिडकीकडे बघते. भर दुपारी कशाला ओरडतेय ही मेली? ती हात लांबवून जुईच्या कपाळावरची तीट चाचपते. आहे. कानामागची आहे. तळपायाचीही आहे. झोपायचं नाही, नुसतं पडायचं. अंगठा हलतो. दोरी कुरकुरते. अंगठा हलतो.

दोरी ओली लागते.

दोरी नाहीच ती, लाकडी वाटेच्या कडेचा सोल, जाडजूड दोर आहे, खाडीच्या पाण्यात भिजलेला. मनाली तो धरून चालतेय. पायाखाली फळ्या आहेत, मग मध्येच तिच्या स्वयंपाकघराच्या फरश्या लागतात, मग पुन्हा फळ्या. खारफुटीच्या एका फांदीवर तिचा मिक्सर ठेवलाय, घरघरत. कोणी ठेवला, असा प्रश्न तिला पडत नाही. तिला एवढंच वाटतं, शेजारी बसलेला खंड्या आता भांड्यात चोच घालणार.

पुढे तिकीटखिडकीवर कोणीतरी भांडतंय.

"आजी, प्रौढ एक का?"

"मी मेलेली हाय रे बाबा."

"मग तसं सांगायचं आधी," खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणतो. "पाच वर्षांखालील आणि मयत, दोघांना मोफत. पुढे चला, गर्दी करू नका."

आवाज ऐकूनच मनालीचे पाय पळायला लागतात. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, पाय अनवाणी, कमरेवर हात. द्वारकाआत्याच. अख्ख्या आळीला जेवायला हाक मारायची ती घरातूनच, बाहेर यायची गरज नसायची. जुई पोटात आहे हे कळायच्या थोडं आधी ती गेली. मनालीचं तिला सांगायचं राहूनच गेलं.

"आत्या!"

"आलीस? कवाची उभी हाय मी. काय गो अशी चालतेस, लंगडतेस कशाला?"

मनाली खाली बघते. अंगठ्याला दोरी तशीच आहे.

"झोळीची आहे," ती म्हणते.

आत्या पोट धरून हसते. "टिटवी गो टिटवी! ती पण अशीच झोपते म्हणतात, पाय वर करून. वरून आभाळ पडलं तर झेलायला. तुझं पडलं काय?"

"अजून नाही."

"मग उतरव की पाय."

दोघी चालू लागतात. वाट वळते तसं दोन्ही बाजूंना पाणी पसरत जातं, दूरवर गुलाबी रेघ दिसते, फ्लेमिंगोंची. आत्याला त्यांचं काही नाही. ती कठड्यावरून वाकून चिखल बघतेय.

"इथंच आपलं मिठागर होतं. बांधावरून उतरायची मी, निवट्या पकडायला. हाताने. आन् आता त्याच चिखलाला कठडा करून लोक बघायला येतात होय?" तिला राग आलाय की अभिमान वाटतोय, हे तिच्या तोंडावरून कळत नाही. बहुतेक अभिमान. "बघू देत. बघण्यासारखाच हाय."

वाटेच्या कडेला माहितीचे फलक आहेत. पहिल्यावर लिहिलंय: येथे पाणकावळे दिसतात. दुसऱ्यावर: येथून पाय घसरू शकतो. तिसऱ्यावर: मुलांना नाकात काहीही घालू देऊ नये. चौथ्यापासून अक्षर मनालीचं स्वतःचं आहे. रात्री श्वास चालू आहे का ते बघावे. परत बघावे.

"काय लिवलंय?" आत्या विचारते. तिला वाचता येत नव्हतं, मेल्यावरही आलेलं नाही.

"पक्ष्यांची नावं."

"एवढे पक्षी?" आत्या तिच्याकडे तिरकं बघते. "रोज खायला घालत असशील तू त्यांना."

मनाली काही बोलणार, तेवढ्यात तिला कडेवर वजन जाणवतं. जुई. अर्थातच जुई, ती कुठे जाणार. झोपेतून उठल्यासारखी, गालावर लुगड्याच्या विणीचे वळ. आत्या थांबते. तिचा तो आळीभर पोचणारा आवाज एकदम खाली येतो.

"ही ती?"

"ही ती."

"कोणावर गेलीय?"

"नाक तुझं घेतलंय."

"अरेरे. बिचारी." आत्या पदराने डोळे पुसते आणि पुसता पुसता हसते. जुई तिच्याकडे टक लावून बघते, मग तीही हसते, वरचे दोन दात दाखवून. हेच तर हवं होतं, मनालीच्या मनात येतं. हेच दाखवायचं राहिलं होतं. तिला इतकं हलकं वाटतं की फळ्यांवरून पाय सुटतील अशी भीती वाटते.

आत्या दोन्ही हात पुढे करते. "आण इकडं."

मनालीचे हात आपोआप पुढे जातात आणि मध्येच थांबतात. मिक्सर बंद होतो. वारा पडतो. पाण्यावरची गुलाबी रेघ हलायची थांबते.

"नाही," ती म्हणते.

"का गो?"

"तूच सांगायचीस." मनालीचा आवाज लहान मुलीसारखा होतो. ती एक पाऊल मागे सरते. "मेलेलं माणूस स्वप्नात आलं आणि काही मागितलं तर द्यायचं नाही. दिलं तर घ्यायचं. काका गेले तेव्हा तू सगळ्यांना बसवून सांगितलं होतंस."

आत्याचे हात तसेच पुढे राहतात. आता तिला वाईट वाटणार, मनालीला वाटतं. आपण चूक केली. पण आत्याच्या पोटातून हसू येतं, असं की सगळे फ्लेमिंगो एकदम उठतात, आभाळभर गुलाबी होतं, आणि पुन्हा बसतात.

"बघा! माझंच शिकवलेलं माझ्याच अंगावर!" ती हात मागे घेते, पाठीवर बांधते, शाळेतल्या पोरीसारखी. "बरोबर हाय तुझं. मला नको देऊ. खाली दे."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. जमिनीला दे. जमीन काय मेलेली नाय."

लाकडी वाट इथे संपते. कठडाही नाही. समोर ओहोटीने उघडा पडलेला चिखल, करडा, चकचकीत, आणि त्यावर टुणटुण उडणाऱ्या निवट्या, बोटभर मासे, पाण्यातून बाहेर आल्याचं जराही दुःख नसलेले. जवळच टिटवी ओरडते. मनाली जुईला छातीशी घट्ट धरते.

"अपशकुनी आहे ती."

"कोण, टिटवी?" आत्या वैतागते. "उघड्यावर अंडी घालते बिचारी. ना झाड, ना घरटं. आन् पिल्लं अशी की अंड्यातून निघाली की लागली धावायला. मग ओरडेल नाय तर काय करेल? आय हाय ती. तिला जग अपशकुनी म्हणतं, तुला निदान तेवढं तरी कोणी म्हणत नाय."

"ओरडून उपयोग होतो का काही?"

"पिल्लांना होतो. आय कुठं हाय ते कळतं त्यांना. पण ती ओरडते तिकडून आन् पिल्लं धावतात इकडून. पंखाखाली दाबून नाय ओरडत ती."

मनाली वाकते. किती वेळ वाकते कोण जाणे. फार खोल विहिरीत काहीतरी सोडावं तशी ती जुईला खाली सोडते. चिखल जुईच्या तळव्यांना लागतो. जुई पाय आखडते. मग एक सोडते. बोटांच्या मधून करडा चिखल वर येतो, ती तो बघते, आणि अशी खिदळते, जणू तिच्यापासून कोणी हे आजवर लपवून ठेवलं होतं. शेजारून एक निवटी टुणकन उडते. जुईचा हात मनालीच्या बोटातून निसटतो.

पहिलं पाऊल. फच्.

दुसरं.

ती आत्याकडे चाललीय.

मनाली हाक मारायला तोंड उघडते पण आवाज येत नाही. आणि आत्या मागे सरकते. हात पाठीवर तसेच बांधलेले, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. नातीला उचलून घ्यायला ते हात किती आसुसलेत हे मनालीला तिच्या खांद्यांवरूनच दिसतं.

"घेत नाय गो, भिऊ नको," आत्या पुटपुटते. "नुसती बघते."

जुई तिच्याजवळ पोचते. लुगड्याच्या निऱ्या मुठीत धरते, ओळखीचं कापड असल्यासारखी त्यात तोंड खुपसते. आत्या डोळे मिटते. मग वाकून तिच्या कानात काहीतरी सांगते, बारशाला सांगतात तसं. काय ते मनालीला ऐकू येत नाही.

"काय सांगितलंस?"

"आमचं आमचं हाय." आत्या जुईला हनुवटीने मनालीकडे खूण करते. "जा. तुझी टिटवी तिकडं हाय. ओरड गो मनाली, तिला कळू दे ना कुठं यायचं ते!"

"जुई!" मनालीचा आवाज सुटतो. आळीभर जाईल एवढा. "ये! इकडे ये! आई इकडे आहे!"

आणि जुई वळते. फच्, फच्, फच्. मध्ये बसते, उठते, तोंडाला चिखल, हातांना चिखल, आणि येते. येते आणि मनालीच्या गुडघ्यांवर आदळते. मनाली हसतेय की रडतेय तिचं तिलाच कळत नाही; बहुतेक हसतेय, कारण आत्या तिकडे टाळ्या वाजवतेय, आता तिचे हात मोकळे झालेत.

"आता मी देते ते घे," आत्या जवळ येते. चिखलात बोट बुडवते. मनालीला वाटतं जुईला लावणार. पण आत्या मनालीचेच केस बाजूला करते आणि कानामागे बोट टेकवते. गार.

"मला कशाला तीट? मला कोणाची दृष्ट लागणार?"

"तुझी तुलाच. दिवसभर बघत असतेस, पापणी पाडत नाय. लागणार नाय?"

पाणी वाढायला लागलंय. आत्याच्या घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि ती काही त्यातून निघत नाही. बांधावरून घरी जाणाऱ्या बाईसारखी पाठ करून चालू लागते.

"भरती आली. पाय काढ आता."

"परत येशील?"

"तिकीट कुठं पडतंय मला!"

झोळी कुरकुरते.

मनाली डोळे उघडते. खिडकीतून उन्हाची तिरीप फरशीवर आलीय. अंगठ्याला दोरी आहे, आणि पाय चटईवर सपाट पडलाय. कधी उतरला कोण जाणे. वर झोळीच्या काठावर दोन मुठी, दोन डोळे आणि आत्याचं नाक. जुई तिच्याकडे बघतेय, किती वेळापासून कुणास ठाऊक. न रडता.

मानेजवळ काहीतरी खाजतं. मनाली कानामागे बोट नेते. तिथे सुकून कडक झालेलं काहीतरी आहे. नखाने जरासं खरवडते. बोटावर करडी भुकटी येते. ती नाकाशी नेते. खारट, जुना, मिठागराचा वास.

उशीशी ओल्या रुमालांचं पाकीट नेहमीप्रमाणे उघडं आहे. तिचा हात तिकडे जातो. मग परत येतो. ती केस पुढे ओढून घेते, कानावर.

बाहेर टिटवी ओरडते. "हो गं बाई, ऐकलं," मनाली म्हणते.

कल्पेश दारात येतो. "चार वाजून गेले. झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. असू दे, पुढच्या रविवारी..."

"जुईच्या चपला कुठे आहेत?"

"त्या कोऱ्या? कपाटात. काढू?"

मनाली अंगठ्याची दोरी सोडते. जुईला झोळीतून उचलते आणि सवयीने कडेवर घ्यायला जाते. मग वाकते, आणि तिला फरशीवर, उन्हाच्या तिरिपेत उभं करते.

"नको, अनवाणीच नेऊ," ती म्हणते. "राहू देत तिथेच."