घरटी एक माणूस

धरमतरच्या खाडीकाठी बांधाला खांड पडून भरतीचं पाणी आत घुसलं की गावातून घरटी एक माणूस धावून जाई. कुणी हरवलं तरी तसंच. मिठागरावर उमर घालवलेली सगुणा अशा वेळी सगळ्यांच्या पुढे असे. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे इतकं निरखून बघे, की निरपराध माणूसही चुळबुळू लागे.

त्या दिवशी तिचाच दीर हरवला. कान्हू दुपारी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत चिंबोऱ्या धरायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. उन्हं कलली, भरती चढू लागली. गाव बांधावर जमला, तर वनरक्षक दत्तात्रेय वाट अडवून उभा. तिवरं आता सरकारी जंगलात मोडत. शोधाला आत जायचं तर वनखात्याच्या ठाण्याची परवानगी हवी आणि खात्याचा माणूस बरोबर हवा.

"मागं म्हैस शोधायला गेलात," तो म्हणाला. "म्हैस सापडली नाही, तिवरं मात्र तुटली."

"पाणी चढतंय, साहेब. परवानगी येईतो कान्हू तरंगत येल."

"माणूस शोधायला कोयते कशाला, मावशी?"

"वाट कशानं काढायची? तुमच्या शिट्टीनं?"

लोक हसले. दत्तात्रेय हसला नाही. "शिट्टी मी दुपारीच वाजवली. आत तोड चालली होती. ऐकून कुणीतरी पळालं."

सगुणाने वळून जमावावर नजर फिरवली. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी होतं. रघूच्या घरचं तेवढं कुणी नव्हतं, आणि रघू तर कान्हूचा जिवलग.

ती तडक त्याच्या घरी गेली. रघू पांघरूण घेऊन पडला होता.

"ताप आलाय, काकी."

तिने पांघरूण ओढलं. गुडघ्यापर्यंत ओला चिखल.

"कुठं सोडलास त्याला?"

"माझ्यावर केस होईल गो."

"तो मेला तर मोठी होईल."

रघू उठून बसला. "जुन्या उघाडीखाली. पाय रुतला त्याचा. शिट्टी वाजली, मी पळालो."

सगुणा त्याला बांधावर घेऊन आली. सगळ्यांचे कोयते तिने दत्तात्रेयाच्या पायाशी ठेवायला लावले. "तुम्ही पुढं व्हा. हा वाट दाखवील." दत्तात्रेयाने रघूचे पाय बघितले, ठाण्याला फोन लावला आणि बोलत बोलतच चिखलात उतरला.

बांधातून पाणी सोडायच्या त्या जुन्या उघाडीखाली कान्हू छातीभर पाण्यात, तिवराच्या फांदीला धरून उभा होता. शेजारी ओल्या लाकडांचा भारा तरंगत होता. दत्तात्रेय आणि रघूने ओढून त्याला बांधावर आणलं. दात वाजत असतानाही तो दत्तात्रेयाकडे बघून म्हणाला, "मी चिंबोऱ्या धरत होतो, साहेब."

सगुणा आपल्या लुगड्याच्या पदराने दिराचं डोकं पुसत होती.

"टोपली कुठं हाय रं मग?" तिनेच विचारलं.