लस थंड ठेवणारा माझा मेव्हणा

आमच्या दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजची माझ्या मेव्हण्याने जितकी काळजी घेतली, तितकी कुणी घरातल्या आजारी माणसाची घेत नाही. आणि त्या फ्रिजमधली एकही लस त्याने स्वतःच्या मुलीला टोचू दिली नव्हती. या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी-शेजारी राहत होत्या आणि त्यांचं आपसांत कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते माझ्या बहिणीशी.

मी या दवाखान्याचं स्टोअर सांभाळतो. फ्रिज दुरुस्तीचं काम मेव्हण्याला मीच मिळवून दिलं, त्यामुळे त्याच्या कौतुकात आणि कटकटीत अर्धा वाटा माझा. लसी दोन ते आठ डिग्रीच्या मध्ये ठेवाव्या लागतात. हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा की दवाखान्यात त्याचं नावच 'दोनतेआठ' पडलं. न बोलावता यायचा. कॉम्प्रेसरला कान लावून डोळे मिटून उभा राहायचा. फ्रिजचं दार कुणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं, तर "हे कपाट नाही" म्हणून मोठ्या सिस्टरलासुद्धा सुनवायचा. एका नव्या डॉक्टरने आपली पाण्याची बाटली थंड व्हायला आत ठेवली होती. याने ती उचलून त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हणाला, "इथे लोकांच्या मुलांचा माल असतो."

मी एकदा विचारलं, "तुमच्या मते हे विष आहे ना? मग एवढी काळजी कशाला?"

"विष असेना का," तो म्हणाला. "माझ्या मशीनमध्ये ते खराब होणार नाही, दादा."

मी चहा मागवला.

त्याचा थोरला नऊ-दहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. बोलतो थोडं, तेही त्याच्या सवडीने. डोळ्यांत बघत नाही, गोंगाट झाला की कान झाकतो, हाताला लागेल त्या वस्तूंची रांग लावतो. लहानपणी त्याची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हे मूळचंच असतं, यात कुणाची चूक नाही. देशोदेशी लाखो मुलं तपासून झाली, लसीचा याच्याशी काही संबंध निघाला नाही. मेव्हण्याने मान हलवत सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या एसीत गॅस कधी भरलाय?"

चूक कुणाचीच नाही, हे त्याच्या गळी उतरणंच शक्य नव्हतं. बंद मशीनसमोर उभा राहिला की मेकॅनिक पहिला प्रश्न विचारतो, याला आधी हात कोणी लावला? चालू मशीन आपोआप बिघडत नाही, ज्याचा हात शेवटचा लागला त्यानेच घोळ केला, ही त्याची पक्की समजूत. थोरला दीड वर्षाचा असताना दोन-चार शब्द बोलायचा, मग थांबला. त्याआधी शेवटचा हात कुणाचा? तर सिस्टरचा, सुईसकट. तपास संपला. पुढे मोबाइलवर त्याला त्याच्यासारखेच आणखी बाप सापडले. त्यांच्या ग्रुपवर त्याने आपली हकीकत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून टाकली. लोकांना ती फार भावली आणि ती पुढे-पुढे जात राहिली.

माझी बहीण घरी कपडे अल्टर करून देते. तिचं म्हणणं वेगळं. "हा पाळण्यात होता तेव्हापासून असाच आहे," ती नवऱ्याला सांगायची. "दूध पिताना माझ्याकडे नाही, पंख्याकडे बघायचा. तेव्हा तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, पंखा आवाज करत असेल, तेल घालतो."

हे खरं होतं. त्याने पंख्याला तेल घातलंही होतं.

मग आमच्या भागात गोवर आला. शाळा बंद झाल्या. बहिणीच्या मागच्या गल्लीतलं एक मूल ऑक्सिजनवर होतं. धाकटी सव्वा वर्षाची, आणि तिला जन्मापासून एकही सुई नाही. बहिणीच्या हातून शिलाई चुकायला लागली. मी म्हटलं, "धाकटीला दे माझ्याकडे. फिरवून आणतो म्हणून दवाखान्यात घेऊन जातो. त्यांना पत्ताही लागणार नाही."

"चोरून नको," ती म्हणाली. "उद्या तिला साधा ताप आला तरी ते विचारणार, हात कोणी लावला. तेव्हा मी काय सांगू? आणि दादा, बाप आहेत ते तिचे. समोर बसून हो म्हणू देत."

मला तिचा राग आला. पोरीच्या जिवापुढे कसली आलीत तत्त्वं, असं मी तोंडावर म्हणालो. तिने दातांनी दोरा तोडला आणि दुसरी पँट हातात घेतली.

गोवराच्या लसीची मोहीम ठरली आणि नेमका आदल्या दुपारी मोठ्या फ्रिजचा अलार्म वाजू लागला. आम्ही माल बर्फाच्या पेट्यांत हलवला आणि दोनतेआठला बोलावलं. शाळा बंद म्हणून तो थोरल्याला घेऊन आला. मी गुपचूप बहिणीलाही फोन केला, की धाकटीला घेऊन मागच्या दाराने स्टोअरमध्ये ये, तिकडे पेशंट नसतात. मोठी सिस्टर मेव्हण्याला चार गोष्टी सुनावेल, असा माझा डाव होता.

मेव्हणा फ्रिजच्या मागे शिरला होता. नुसते पाय दिसत होते. बहीण धाकटीला कडेवर घेऊन मागच्या दाराशी येऊन उभी होती. सिस्टरने माझ्या सांगण्यावरून विषय काढला. "सगळ्यांच्या मुलांसाठी घाम गाळता, आणि तुमच्या मुलीला कधी?"

"सिस्टर, माझा एक मुलगा गेला त्या सुईत," मागून आवाज आला. "दुसरं मूल जाऊ देणार नाही." हे त्याने पाना मागावा इतक्या सहज सांगितलं. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते.

थोरला फरशीवर बसून आइस पॅकची रांग लावत होता. सिस्टरला अवघडल्यासारखं झालं. ती वाकून त्याला म्हणाली, "आणि तू रे? बहिणीला सांभाळतोस ना?"

"मी गेलो," तो रांगेकडे बघत म्हणाला.

"कुठे गेलास?"

"त्या सुईत." आणि त्याने पुढचा पॅक ठेवला.

फ्रिजमागची खटपट थांबली. मेव्हणा बाहेर आला. केसांत धूळ, हात काळे. त्याने सिस्टरकडे, माझ्याकडे, बहिणीकडे पाळीपाळीने बघितलं आणि विचारलं, "हे याला कोणी सांगितलं?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. शेवटी बहीणच बोलली. "तुम्ही. रोज सांगता. जेवताना, फोनवर, पाहुण्यांसमोर. त्याला ऐकू येतं, अहो."

तो स्टुलावर बसला. बायकोच्या कडेवरच्या मुलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि उद्या हीसुद्धा तशीच झाली तर?"

"तर तसे दोघं होतील," बहीण म्हणाली. "गोवराने नेली तर एकच उरेल."

तो उठून पुन्हा फ्रिजमागे गेला, कारण माल बाहेर होता. काम संपवलं, हात धुतले आणि थोरल्याशेजारी फरशीवर येऊन बसला. एक पॅक उचलून त्याने मुलासमोर धरला. मुलाने तो घेतला, दाबून बघितला आणि रांगेत न लावता बाजूला ठेवला. तो पॅक वितळलेला होता.

सकाळी मेव्हणा रांगेत उभा. कडेवर धाकटी, शेजारी बहीण आणि तिचं बोट धरून थोरला. "मला पटलंय म्हणून आलो नाही," मी काही विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं. मग सिस्टरला लसीची बाटली कधी फोडली ते विचारलं आणि पेटीत हात घालून गारवा बघितला. सिस्टरने त्याचा हात बाजूला केला.

त्याच्या पुढे एक बाई होती, पदराखाली नऊ-दहा महिन्यांचं तान्हं, कानाला फोन. एकाएकी ती रांगेतून बाहेर पडली. "मी नाही देत बाई," ती माझ्या बहिणीला म्हणाली. "हे ऐका ना. या माणसाचं पोर गेलं हो यात. किती रडतोय बघा." आणि तिने फोनचा आवाज मोठा केला.

मेव्हण्याने दोन वाक्यं ऐकली. "रडत नाहीये," तो म्हणाला. "सर्दी होती."

बाई त्याच्याकडे बघायला लागली. तेवढ्यात थोरल्याने फोनकडे बोट केलं आणि म्हणाला, "बाबा."

बाईने एकदा फोनकडे बघितलं, एकदा मेव्हण्याकडे, आणि मग मुलाकडे. "हाच का तो? गेलेला?"

"हाच," मेव्हणा म्हणाला. "कुठे गेलेला नाही. मी चुकीचं बोललो."

बाई रांगेत परतली, पण त्याच्या मागे उभी राहिली. म्हणाली, "आधी तुमच्या मुलीला देऊ देत, मग बघते." धाकटीने सुई टोचल्यावर दवाखाना डोक्यावर घेतला. थोरल्याने कान झाकले. मेव्हण्याने मुलीला इतकं घट्ट धरलं होतं की सिस्टरला त्याला सैल सोडा म्हणून सांगावं लागलं. मग त्या बाईने आपलं तान्हं पुढे केलं.

आठवडा-दीड आठवड्याने मेव्हण्याने ग्रुपवर नवा निरोप रेकॉर्ड केला. माझा मुलगा गेलेला नाही, तो घरी आहे, मुलीला लस दिली, थोडा ताप आला होता, उतरला. हा निरोप पुढे पाठवणारं एकच माणूस निघालं, माझी बहीण, आणि तिने तो मला पाठवला. पहिला निरोप मात्र अजून फिरतोय. परवा तो माझ्या साहेबांनी मला पाठवला, खाली 'स्टोअरने लक्ष द्यावे' असं लिहून.

आता कुणाकडून तो पहिला निरोप आला, की मेव्हणा त्या माणसाला स्वतः फोन लावतो. फ्रिजची तक्रार आली की गिऱ्हाइकाला लावावा, तसा. एका रविवारी मी त्यांच्याकडे होतो. थोरला डब्यांची झाकणं मांडत होता, धाकटी ती विस्कटत होती, आणि मेव्हणा फोनवर कुणा अनोळखी माणसाला समजावत होता, की तो आवाज माझाच आहे आणि तो मुलगा इथे माझ्यासमोर बसलाय.

पलीकडचा माणूस भडकला. त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "कोण हो तुम्ही? कोणी बसवलंय तुम्हाला हे सांगायला? त्या बापाचा आवाज मी ऐकलाय, तो खरा माणूस आहे. एखाद्याच्या पोराबद्दल असलं खोटं बोलताना लाज कशी वाटत नाही?" आणि त्याने फोन आपटला.

मी मेव्हण्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा चिडणार.

"बरोबर बोलला," तो म्हणाला, आणि पुढचा नंबर लावला.